एरर नाहीये, वॉर्निंगच आहे!

परवा ऑफिसात माझा आवाज चढला. सहसा चढत नाही (घरची मंडळी हे वाचून हसतील, पण ऑफिसात खरंच चढत नाही). समोर होता आमच्याकडे चार महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. सिल्लोडकडचा, हुशार, मान खाली घालून काम करणारा. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी कस्टमरला नवीन फाइल द्यायची होती आणि ह्याचा बिल्ड होत नव्हता. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सर, ते वॉर्निंगला एरर धरायचं सेटिंग आजच्यापुरतं काढू का? एरर नाहीये, वॉर्निंगच आहे."

मी "नाही" म्हणालो. त्यानं कारण विचारलं. मी कारण न सांगता पुन्हा "नाही" म्हणालो, या वेळी जरा जोरात. तो गेला. रात्री घरी येताना जालना रोडवरच्या सिग्नलला उभा होतो तेव्हा वाटलं, कारण सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर दहा-बारा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगावी लागते आणि त्या गोष्टीत मी फार चांगला दिसत नाही. म्हणून टाळलं. तर मंडळी, ते टाळलेलं कारण आज इथे लिहितो आहे.

आधी नातेवाइकांसाठी चार ओळी. मागच्या वेळी मावशीचा फोन आला होता, "छान लिहिलंयस रे, पण काय लिहिलंयस?" त्यामुळे ज्यांना कंपायलर माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

प्रोग्रॅम म्हणजे वाण्याकडे द्यायची यादी समजा. गुलमंडीवरच्या किराणा दुकानात तुम्ही चिठ्ठी दिलीत आणि त्यातलं अक्षरच लागलं नाही, तर दुकानदार चिठ्ठी परत करतो. ही झाली एरर. माल मिळत नाही, विषय संपला. पण चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, "मीठ ५ किलो, तांदूळ १०० ग्रॅम." वाचता आलं. माल देता येतो. तरीही चांगला दुकानदार चष्मा वर करून विचारतो, "ताई, उलटं तर नाही ना झालं?" ही झाली वॉर्निंग. कंपायलर हा तो दुकानदार. यादी वाचून तो मशीनला कळेल असा माल बांधून देतो आणि मध्येच विचारतो, तुम्हाला खरंच हेच म्हणायचंय का? आता काही लोक असे असतात की त्यांना हा प्रश्न आवडत नाही. "तुम्हाला काय करायचंय, लिहिलंय ते द्या." कंपायलरला असं सांगायचीही सोय असते. ह्या लेखाचा विषय ती सोय आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे भांडायचं असेल त्यांना लगेच भांडता येईल. कुठलाही नवा प्रोजेक्ट सुरू करताना पहिल्या दिवशी, पहिली ओळ लिहायच्या आधी, कंपायलरच्या कडक वॉर्निंग चालू करून ठेवाव्यात आणि आपल्या घरात वॉर्निंग म्हणजे एरर हाच नियम असावा. "ज्याला हवं त्यानं लावावं" असं नको. कुणी काहीच केलं नाही तरी ते लागलेलंच असलं पाहिजे. जो इशारा ऐच्छिक असतो तो इशाराच राहत नाही.

हा आजार आपल्याला लागतो कुठे ते सांगतो. माझं इंजिनिअरिंग इथलंच. तेव्हा शहर औरंगाबाद होतं. लॅबमध्ये टर्बो सी. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, डॉसची खिडकी. बोरलंडनं टर्बो सी पहिल्यांदा आणलं १९८७ मध्ये, आणि जगानं ते कधीच मागे टाकलेलं असताना आपल्याकडच्या कॉलेजांत ते सुखानं नांदत होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजातून त्या काळात सी शिकून बाहेर पडलेल्या माणसाला तो निळा स्क्रीन विचारा, डोळे मिटून कुठल्या बटणानं कंपाइल होतं ते सांगेल.

पहिल्या की दुसऱ्या प्रॅक्टिकलला माझा प्रोग्रॅम चालला. दोन आकड्यांची बेरीज! पण खाली एक वॉर्निंग होती. फंक्शननं काहीतरी उत्तर परत द्यायला हवं, अशा अर्थाची. मी सरांना विचारलं. सर चांगले होते, हे आधीच सांगतो. पण लॅबमध्ये तीस पोरं, मशीन पंधरा, जर्नल तपासायची होती. ते मागूनच म्हणाले, "मेनच्या आधी व्हॉइड लिही, जातं ते." लिहिलं. गेलं. सही मिळाली.

सी भाषेच्या प्रमाणानुसार मेन हे फंक्शन एक पूर्णांक परत देतं. आपलं काम नीट झालं की बिघडलं हे तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो. म्हणजे कंपायलर बरोबर विचारत होता, "काम कसं झालं ते सांगणार होतास ना?" मी त्याचं तोंड बंद केलं आणि त्याबद्दल मला सही मिळाली. प्रोग्रॅमिंगमधला माझा पहिला धडा बेरजेचा नव्हता. वॉर्निंग ही समजून घ्यायची नसते, घालवायची असते, हा होता. आमच्या पिढीतल्या हजारो पोरापोरींनी तो गिरवला आणि तो घेऊन पुण्या-बंगळुरूला गेली. मी इथेच राहिलो, म्हणून माझा धडा इथल्या लोकांच्या वाट्याला आला.

आता ती गोष्ट.

२०१३ सालचा उन्हाळा. मराठवाड्यातल्या लोकांना त्या वर्षाबद्दल वेगळं सांगायला नको. दुष्काळ होता, नाथसागर तळाला गेला होता. मी तेव्हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये होतो. (नाव लिहीत नाही. मालक भला माणूस होता आणि चूक त्याची नव्हती.) आम्ही पाण्याच्या मोटरचे कंट्रोलर बनवत होतो. खालच्या हौदात पाणी किती आणि वरच्या टाकीत किती हे बघायचं आणि त्याप्रमाणे मोटर चालू-बंद करायची. हौद रिकामा असेल तर मोटर कोरडी चालू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं काम. कोरडी चालली की आधी सील जातं, मग मोटर तापते आणि जळते.

त्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम जीसीसी ह्या कंपायलरवर बनायचा. आधीच्या माणसानं सगळ्या वॉर्निंग चालू ठेवल्या होत्या, पण त्यांच्याकडे बघायचं कुणी नाही. मी आलो तेव्हा बिल्ड केला की स्क्रीनवरून वॉर्निंगचा पूर धावायचा आणि त्यात खरी एरर सापडायची नाही. मी उपाय केला. जीसीसीला स्मॉल डब्ल्यू असा एक पर्याय देता येतो. वॉर्निंग मागायच्या असतील तर कॅपिटल डब्ल्यूपासून सुरू होणारे पर्याय, आणि नुसता स्मॉल डब्ल्यू दिला की सगळ्या वॉर्निंग बंद. एका अक्षराचा फरक. मी ते एक अक्षर लिहिलं आणि स्क्रीन स्वच्छ झाला. त्या दिवशी मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं होतं.

हौदातलं पाणी टक्क्यांत सांगणारं एक फंक्शन होतं. सेन्सरची वायर तुटली किंवा काही बिघाड झाला तर ते उणे १ परत द्यायचं. मी ते उत्तर एका बाइटच्या, चिन्ह नसलेल्या जागेत ठेवलं. अशा जागेत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. उणे काही मावत नाही. उणे १ तिथे ठेवला की तो गुपचूप २५५ होतो. पुढच्याच ओळीत मी तपासत होतो, आकडा शून्याहून कमी असेल तर बिघाड आहे, मोटर बंद कर. तो आकडा शून्याहून कमी कधीच होणार नव्हता. म्हणजे सेन्सर तुटला तर माझा कंट्रोलर समजणार होता की हौदात २५५ टक्के पाणी आहे, बिनधास्त चालवा. (शंभरच्या वरचा आकडा आलाच कसा, हेही मी तपासलं नव्हतं. ती चूकही माझीच.)

सिडकोतल्या एका सोसायटीत नेमकं हेच झालं. तीन मजले, लिफ्ट नाही. त्या भागात तेव्हा सहाव्या दिवशी पाणी यायचं, तासभर. पाणी येण्याच्या आदल्या रात्री उंदरानं सेन्सरची वायर कुरतडली. हौद जवळजवळ रिकामाच होता. वरची टाकीही रिकामी, म्हणून कंट्रोलरनं मोटर चालू केली आणि ती रात्रभर कोरडी चालली. सकाळी पाणी आलं, हौद भरला आणि मोटर जळालेली होती. सहा दिवसांनी आलेलं पाणी खाली हौदात आणि माणसं वर.

वाइंडिंगवाल्यानं दोन दिवस सांगितले. मला बघायला पाठवलं होतं. मी गेलो तेव्हा हौदात दोरीनं बादल्या सोडून लोक पाणी वर नेत होते. मे महिन्याचं ऊन. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. शेजारच्या मुलानं त्यांना दोन कळश्या आणून दिल्या होत्या. मी वरच्या टाकीची वायर बघायला त्यांच्या दारावरून गच्चीवर गेलो आणि खाली उतरताना त्यांनी मला थांबवून पाणी प्यायला दिलं. "उन्हाचा आलास बाबा, घे." त्यांना काय माहीत, समोरचा कोण आहे ते! मी ते पाणी प्यायलो. नाही म्हणता आलं नाही.

त्या रात्री युनिटमध्ये बसून मी ते स्मॉल डब्ल्यू काढलं, आधीचे पर्याय परत लावले आणि बिल्ड केला. २१२ वॉर्निंग आल्या. पहिल्यांदा एकेक वाचल्या. मध्येच कुठेतरी ती होती, ओळीच्या क्रमांकासकट. ही तुलना कधीच खरी ठरू शकत नाही, कारण ह्या प्रकारात असा आकडा मावत नाही. अगदी नेमकं सांगितलं होतं. त्या आजींच्या घरी पाणी नव्हतं याचं कारण कंपायलरला आठ महिन्यांपासून माहीत होतं. विचारत होता बिचारा. मीच त्याला सांगितलं होतं, तुला काय करायचंय, लिहिलंय ते दे.

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच दिवसांनी आमच्या मामाला सांगितली. मामा वाळूजला एका व्हेंडरकडे क्वालिटीत होता, आता रिटायर झाला. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्यांचं गावच वसलं. मामाचं सगळं आयुष्य त्या गावात गेलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे तू गेज कपाटात ठेवू राहिला होतास. गेज कपाटात ठेवलं की रिजेक्शन शून्यच येतं, भाच्या!"

मी ह्या विषयावर नंतर बरंच काही वाचलं, पण ह्याच्यापेक्षा चांगलं वाक्य मला सापडलं नाही. लाइनवर गो-नो-गो गेज असतं. भोकात एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं तर पीस लाल डब्यात. ऑपरेटरची इच्छा असो नसो, शिफ्ट संपत आलेली असो नसो. आणि मामा सांगतो, गेज लावायचं की नाही हे ऑपरेटरवर सोडलेली लाइन त्यानं आयुष्यात पाहिली नाही. कधी कधी थोडा बाहेरचा मालही घ्यावा लागतो, त्याला ते लोक डेव्हिएशन म्हणतात. पण डेव्हिएशनचा कागद असतो. किती पीस, का, कुणाची सही. तोंडी डेव्हिएशन नसतं.

मजा म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी हाच शब्द उचलला आहे. ब्रिटनमधल्या मोटार उद्योगाच्या मिस्रा ह्या गटानं १९९८ मध्ये सी भाषा कशी वापरावी याचे नियम काढले, पुढे २००४ आणि २०१२ मध्ये ते सुधारले. त्यातला नियम मोडावा लागला तर मोडता येतो, पण का मोडला ते लिहून ठेवायचं आणि मंजुरी घ्यायची. त्यालाही डेव्हिएशनच म्हणतात. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग तुम्ही कांपूटरवाले नवीन काय करू राहिले?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वॉर्निंग बघाव्यात हे मान्य, पण सक्ती कशाला? शहाणा माणूस आपणहून लावेल. इथेच माझं भांडण आहे. आपणहून कुणी लावत नाही. मी शहाणा नव्हतो असं म्हणा, पण ॲपलमध्ये तर शहाणी माणसं असतील ना? फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईनं दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या कोडमध्ये "गोटू फेल" ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसरी ओळ कुठल्याच अटीखाली नव्हती, त्यामुळे पुढची सगळी तपासणी ओलांडून प्रोग्रॅम थेट शेवटी जायचा आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा. समोरची साइट खरी की खोटी हे बघणंच राहून जायचं. आता ज्या कोडपर्यंत कधी पोचताच येत नाही त्याबद्दल विचारणारी वॉर्निंग क्लँग ह्या कंपायलरमध्ये होती. पण "सगळ्या वॉर्निंग" असं नाव असलेल्या पर्यायात ती नव्हती, वेगळी मागावी लागायची. जीसीसीनं २०१६ मध्ये सहाव्या आवृत्तीत फसवं इंडेंटेशन दाखवणारी वॉर्निंग आणली आणि ती त्या "सगळ्या"त घातली. माझ्या मते त्या वॉर्निंगइतकंच ती कुठे ठेवली हेही महत्त्वाचं आहे. जे मागावं लागतं ते मिळत नाही.

दुसरं उदाहरण तर आमच्या त्या निळ्या स्क्रीनच्या घराण्यातलंच. जे फंक्शन आधी कुठे जाहीरच केलेलं नाही ते सरळ वापरायचं, कंपायलरनं समजून घ्यायचं, अशी सवलत जुन्या सीमध्ये होती. १९९९ च्या प्रमाणानं ती काढून टाकली. पण जीसीसी आपलं वॉर्निंग देऊन पुढे जात राहिलं, कारण जुना कोड मोडला असता. लोक वॉर्निंग बघत नाहीत, त्यामुळे नवा कोडही तसाच लिहिला गेला. शेवटी मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीत जीसीसीनं ती एरर करून टाकली. १९९९ ते २०२४. पंचवीस वर्षं कंपायलर नम्रपणे विचारत राहिला. एवढ्या काळात माझी एक अख्खी पिढी शिकली, नोकरीला लागली आणि केस पांढरे करून बसली.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यांचं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पहिलं म्हणणं असं की कंपायलरची नवी आवृत्ती आली की नव्या वॉर्निंग येतात आणि काल चालणारा बिल्ड आज विनाकारण मोडतो. खरं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्सच्या कर्नलमध्ये सगळ्या बिल्डसाठी "वॉर्निंग म्हणजे एरर" हे डीफॉल्ट करून टाकलं. कर्नल किती तऱ्हेच्या प्रोसेसरवर आणि किती जुन्या-नव्या कंपायलरवर बनतो याची कल्पना करा. जिकडेतिकडे बिल्ड मोडले आणि काही दिवसांतच ते डीफॉल्ट फक्त चाचणीच्या बिल्डपुरतं ठेवलं गेलं. विरोधक हे माघार म्हणून सांगतात. मला ते अगदी योग्य वाटतं. आपल्या घरात, आपल्या ठरलेल्या कंपायलरवर, आपला माल बाहेर पडायच्या आधी नियम कडक. पण आपला कोड घेऊन जो परक्या मशीनवर बांधणार आहे त्याच्या दारात आपलं गेज घेऊन उभं राहायचं नाही. तपासणी कारखान्यात होते, गिऱ्हाइकाच्या अंगणात नाही. आणि कंपायलरची आवृत्ती आपण ठरवूनच बदलायची. ज्या दिवशी बदलू त्या दिवशी नव्या प्रश्नांची उत्तरं द्यायची.

दुसरं म्हणणं, जुन्या कोडमध्ये हजारो वॉर्निंग आहेत, एकदम चालू केलं तर काम ठप्प. हेही खरं. म्हणूनच मी पहिल्या दिवसाचा आग्रह धरतो. पहिल्या दिवशी शून्य असतात आणि शून्य राखायला कष्ट पडत नाहीत. ज्यांचा पहिला दिवस गेला त्यांनी आमच्यासारखं करावं. नव्या फाइलना कडक नियम, जुन्यांमध्ये एकेक प्रकारची वॉर्निंग घ्यायची, संपवायची आणि संपली की तिला एरर करून टाकायचं, म्हणजे ती परत येत नाही. त्या २१२ मी रोज संध्याकाळी थांबून संपवल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. काही नव्हत्या. आणि कुठल्या कशा आहेत हे वाचल्याशिवाय कळायचा मार्ग नव्हता, एवढंच.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. सक्ती केली की लोक वॉर्निंग समजून न घेता कशीतरी गप्प करतात आणि त्यातून जास्त नुकसान होतं. ह्याचा दाखला डेबियनचा. २००६ मध्ये तिथल्या ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये व्हॅलग्राइंडसारखी तपासणीची साधनं तक्रार करत होती की मूल्य न दिलेली मेमरी वापरली जातेय. (तो कंपायलर नव्हे, पण प्रश्न त्याच जातीचा.) ती तक्रार थांबावी म्हणून दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतूनच गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकता आत भरली जायची. उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. एवढ्या किल्ल्या तर बसून मोजता येतात! मे २००८ मध्ये हे उघड झालं तोवर जवळजवळ दोन वर्षं जगभरातल्या मशीनवर कमकुवत किल्ल्या तयार होत होत्या.

पण ह्यावरून काय शिकायचं? मला तर हे तेच "व्हॉइड लिही, जातं ते" दिसतं, फक्त फार मोठ्या लॅबमध्ये. प्रश्न विचारला म्हणून बिघडलं नाही. प्रश्नाला उत्तर न देता तो मिटवला म्हणून बिघडलं. म्हणून आमच्याकडे सक्तीला जोडून दुसरा नियम आहे. वॉर्निंग चुकीची वाटली तर ती त्या एका ठिकाणी बंद करता येते, पण शेजारी मराठीत का होईना, कारण लिहायचं आणि दुसऱ्या माणसानं ते वाचून मान्य करायचं. मामाचा डेव्हिएशनचा कागद. "आजच्यापुरतं सगळं बंद" ह्याला कागद नसतो, कारण त्याला कारण नसतं.

आणि चौथं म्हणणं, जे कुणी उघड बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं. वेळ नाही. सकाळी डिलिव्हरी आहे. ह्याला मी काय उत्तर देणार? मोटर जळल्यावर दोन दिवस कुठून आले, एवढंच विचारेन.

आता त्या मुलाची वॉर्निंग काय होती ते सांगतो. इथे एखादा भयंकर बग निघाला असता तर लेखाचा शेवट फार छान झाला असता. तसं काही झालं नाही. एक व्हेरिएबल जाहीर केलेला होता आणि कुठेच वापरलेला नव्हता. त्यानं तो काढला. दोन मिनिटं. दुसऱ्या दिवशी चहाला मला म्हणाला, "सर, एवढ्यासाठी अडवलंत?"

हो रे बाबा, एवढ्यासाठीच. ती एक सोडली असती तर पुढच्या महिन्यात चार झाल्या असत्या, वर्षात दोनशे. २१२ च्या २१३ झाल्या तर जगात कुणाला दिसत नाही, मी स्वतः आठ महिने बसलो होतो त्यावर. शून्याचं एक झालं तर आंधळ्यालाही दिसतं. त्या शून्यासाठी तुझी दोन मिनिटं घेतली. आवाज चढवला त्याबद्दल मात्र माफ कर, ते चुकलंच. तू कारण विचारलं होतंस. विचारणाऱ्याला गप्प करू नये हाच तर एवढा मोठा लेख आहे, आणि मी तेच तुझ्याशी केलं.

असो. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं. पण भांडायच्या आधी एक करा, आपापल्या प्रोजेक्टमध्ये आज रात्री सगळ्या वॉर्निंग चालू करून एकदा बिल्ड करा आणि किती आल्या ते बघा. मला सांगू नका. तुम्ही वाचा.

ता. क. - मावशी, आता कळलं का? नाही कळलं तर फोन कर. आणि मामा, तुझं गेजचं वाक्य न विचारता छापलं आहे. डेव्हिएशनचा कागद रविवारी सही करायला आणतो. :-)